सशाचे कान

आमच्या तालुक्याच्या गावी दर शनिवारी बाजार भरतो. जिथे कोंबड्या आणि शेळ्या विकायला येतात, तिथे हल्ली एक माणूस ससे घेऊन बसतो. पांढरे, करडे, काळे. तारेच्या पिंजऱ्यात ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. गिऱ्हाईक आले की तो माणूस पिंजऱ्यात हात घालतो, सशाचे दोन्ही कान मुठीत धरतो आणि त्याला वर उचलतो. ससा मागचे पाय झाडतो. पण ओरडत नाही.

एकदा एका म्हातारीने हे पाहिले. ती म्हणाली, "अरे लेकरा, कानाला धरून उचलतोस, त्याला दुखत नाही का रे?"

तो माणूस हसला. म्हणाला, "आजी, देवानं सशाला एवढे कान कशाला दिलेत? धरायलाच की! बादलीला कडी, तसे सशाला कान."

भोवतालची माणसे हसली. म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, "शाळेत मास्तरांनी तुझा कान धरला असेल, तो काय तुला उचलायला धरला होता?"

आता माणसे जास्त हसली. पण प्रश्न तसाच राहिला. सशाचे कान एवढे मोठे कशाला? धरायला नक्कीच नाहीत. मग कशाला?

आधी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे ससे दोन तऱ्हेचे दिसतात. एक रानातला. तो मातकट रंगाचा असतो. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला बहुधा काळसर डाग असतो. तो माळावर, गवतात, शेताच्या बांधावर राहतो. तो बीळ खणत नाही. गवताखाली अंग मावेल एवढा खळगा करून त्यात बसून राहतो. दुसरा ससा पाळीव. त्याचे मूळ आपल्याकडचे नाही. युरोपातल्या स्पेनच्या बाजूला जमिनीत बिळे करून राहणारा एक ससा आहे. त्याला माणसांनी पाळले. बाजारातले पांढरे ससे हे त्याचेच वंशज. दोघे एका भावकीतले खरे, पण चूल वेगळी. कान मात्र दोघांचेही मोठे. रानातल्या सशाचे तर आणखी लांब, जवळजवळ अर्धी वीत.

आता रानातल्या सशाकडे पाहा. बैलाला शिंगे आहेत. डुकराला सुळे आहेत. मांजराला नखे आहेत. सशाजवळ यातले काय आहे? काहीच नाही. आणि त्याच्या जिवावर टपलेले किती! कोल्हा आहे, लांडगा आहे, रानमांजर आहे. वर आभाळात गरुड आहे. रात्री मोठे घुबड आहे. गावची मोकाट कुत्री आहेत. माणूस तर आहेच.

अशा जनावराने जगावे कसे? त्याच्याजवळ पळायला पाय आहेत. पण पाय कधी कामाचे? वेळेवर उडी मारली तर. कोल्हा दोन हातांवर आल्यावर कळले, तर पायांचा काय उपयोग? कोल्हा लांब असतानाच बातमी कळली पाहिजे. ती बातमी आणून देतात कान.

तुम्ही एक करून पाहा. गावात कोणी लांबून काही बोलत असेल, तर कानामागे हाताचा पंजा धरा. थोडा पुढे वाकवा. आवाज लगेच मोठा येतो. वयस्क माणसे असेच करतात. यात जादू नाही. आवाज हवेतून येतो. जेवढी जागा मोठी, तेवढा आवाज जास्त गोळा होतो. रॉकेल ओतायला आपण नरसाळे वापरतो. वरचे तोंड मोठे, खालचे लहान. सांडायचे ते सगळे आत जाते. सशाचा कान म्हणजे आवाजाचे नरसाळे. त्याला पंजा धरावा लागत नाही. त्याचा पंजा जन्मापासून कानालाच लावलेला आहे.

शिवाय आपला कान जागचा हलत नाही. आवाज कुठून आला ते पाहायला आपल्याला मान वळवावी लागते. ससा मान वळवत नाही. कान वळवतो. आणि दोन्ही कान वेगवेगळे वळवतो. एक कान पुढच्या झुडपाकडे, तर दुसरा मागच्या बांधाकडे. तोंडाने गवत खाणे चालूच असते. आपले बैलही कान असे वळवतात. गोठ्यात दार वाजले की पाहा. पण सशाची तऱ्हा त्याहून चलाख.

आवाज कोणत्या बाजूने आला, हे कसे कळते? तेही घरी करून पाहता येईल. डोळे मिटून बसा. एका कानात बोट घट्ट घाला. कोणाला तरी खोलीत इकडे तिकडे फिरून चुटकी वाजवायला सांगा. चुटकी कोठे वाजली, ते नीट सांगता येणार नाही. आता बोट काढा. लगेच सांगता येईल. कारण उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. दोन्ही कानांचा हिशेब जुळवून मेंदू दिशा ठरवतो. सशाचे दोन्ही कान मोठे आणि फिरते. त्यामुळे त्याचा हिशेब फार लवकर जुळतो.

आणखी एक नवलाची गोष्ट आहे. काही आवाज आपल्याला ऐकूच येत नाहीत, पण सशाला येतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ढोलाचा आवाज जाड. त्यात थरथर सावकाश असते. शिट्टीचा आवाज बारीक. त्यात थरथर फार जलद असते. एका सेकंदात २०,००० वेळा थरथर झाली, तोपर्यंत माणसाच्या कानाला ती कळते. तीही तरुण, चांगल्या कानाच्या माणसाला. त्यापुढे आपण बहिरे. सशाला मात्र ४०,००० च्याही वर ऐकू येते. जाड आवाजात आपण त्याच्या पुढे आहोत. बारीक आवाजात तो आपल्या फार पुढे. आणि वाळलेले गवत पायाखाली चुरते, पान सरकते, काटकी मोडते, त्यात बारीक आवाजच पुष्कळ असतात. ससा नेमके तेच ऐकतो.

लहान मुलांना आपण एक गोष्ट सांगतो. सशाच्या पाठीवर पान पडले. त्याला वाटले, आभाळच पडले. तो धावत सुटला आणि त्याच्या मागे सगळे रान धावत सुटले. गोष्ट ऐकून मुले हसतात. भित्र्या माणसाला आपण म्हणतो, "याचं काळीज सशाचं आहे." मला वाटते, यात सशावर थोडा अन्याय आहे. शंभर वेळा पान वाजते, तेव्हा नव्याण्णव वेळा ते नुसते पानच असते. पण एखाद्या वेळी त्या पानावर कोल्ह्याचा पाय असतो. नव्याण्णव वेळा उगाच पळाला, तर सशाचे चार घास बुडतात. एकदा पळाला नाही, तर ससाच बुडतो. याला भित्रेपणा म्हणायचे की शहाणपण, ते तुम्हीच ठरवा.

शिकार करणारेही काही कच्चे नाहीत बरे का. घुबडाच्या पंखांची कडा मऊ, झालरीसारखी असते. त्यामुळे घुबड उडताना पंखांचा आवाज फारच थोडा होतो. सशाने कान मोठे केले, तर घुबडाने पंख मुके केले. अशी ही रस्सीखेच हजारो पिढ्या चालली आहे.

हे झाले ऐकण्याचे. पण कानाचे दुसरेही एक काम आहे. ते बऱ्याच जणांना माहीत नसते.

आपण उन्हात काम केले की आपल्याला घाम येतो. घाम वाळतो आणि अंग गार होते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. सशाला घाम जवळजवळ येतच नाही. कुत्र्यासारखी धापही त्याला नीट साधत नाही. अंगावर तर दाट लव. मग त्याच्या अंगातली गरमी बाहेर जायची कुठून?

तुमच्या घरी पांढरा ससा असेल, तर त्याचा कान हळूच उजेडासमोर धरून पाहा. ओढू नका, नुसता धरा. कान पातळ आहे. त्यावर लव फार थोडी आहे. आणि आत रक्ताच्या नळ्यांचे जाळे दिसते. मधोमध एक जाड नळी. कडेकडेने दुसऱ्या. त्यांच्यामध्ये बारीक फाटे, पिंपळाच्या जुन्या पानावर शिरा दिसतात तसे. जनावरांचे डॉक्टर सशाला शिरेतून इंजेक्शन देतात, तेही बहुधा कानाच्या कडेच्या शिरेत.

आता चहा आठवा. कपातला चहा कढत असेल तर आपण काय करतो? बशीत ओततो. बशीत चहा पसरतो, त्याला वारा लागतो आणि तो लवकर निवतो. सशाचा कान म्हणजे त्याची बशी. अंग तापले की कानातल्या नळ्या रुंद होतात. गरम रक्त कानात येते, पसरते, वाऱ्याने निवते आणि पुन्हा अंगात जाते. पळून पळून दमलेल्या सशाचे कान गरम लागतात, ते यामुळे. थंडीत याच्या उलट होते. नळ्या आखडतात. कानात रक्त कमी जाते. अंगातली ऊब अंगातच राहते. पौष महिन्यात पहाटे सशाच्या कानाला हात लावा, तो गार लागेल. त्यावेळी ससा कान पाठीवर पाडून, अंगाचा गोळा करून बसतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. सशाचे अंग माणसापेक्षा थोडे जास्त गरम असते, सुमारे ३९ अंश. हवा त्याहून गार असेल, तोवर बशीची युक्ती चालते. पण आपल्याकडे चंद्रपूर-नागपूरच्या बाजूला वैशाखात पारा ४५ च्या वरही जातो. म्हणजे हवाच अंगापेक्षा गरम. तेव्हा बशी चुलीशेजारी ठेवल्यासारखे होते. चहा निवत नाही, उलट तापतो. अशा वेळी रानातला ससा काय करतो? तो दुपारी हिंडतच नाही. झुडपाच्या दाट सावलीत अंग चोरून, हालचाल न करता बसून राहतो. वाळवंटातल्या सशांना तपासून पाहिले, तेव्हा असे दिसले, की हवा फार तापली की ते कानांतल्या नळ्या आखडून घेतात. म्हणजे बाहेरची आग कानावाटे आत येत नाही. ऊन उतरले, वारा गार झाला, की ससा चरायला निघतो. म्हणून तो आपल्याला दिवेलागणीला आणि पहाटे जास्त दिसतो.

जगातले निरनिराळे ससे शेजारी शेजारी ठेवले, तर ही गोष्ट डोळ्यांना दिसते. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचा मुलूख आहे. तिथे वाळवंट आहे. तिथल्या एका सशाचे कान सुमारे १६ सेंटिमीटर लांब असतात. समोरून पाहिले तर आधी कान दिसतात, मग ससा. आता पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे चला. ग्रीनलंडमध्ये बर्फात राहणारा ससा आहे. तो अंगाने थोराड, चार-पाच किलोंचा. पण त्याचे कान जेमतेम ८ सेंटिमीटर. वाळवंटातल्या सशाच्या निम्मे. बर्फात लांब कान ठेवून करायचे काय? फुकट ऊब जायची. जोएल अ‍ॅलन नावाच्या अमेरिकन माणसाने १८७७ साली हे लिहून ठेवले, की थंड मुलखातल्या जनावरांचे कान, शेपटी, पाय आखूड असतात आणि उष्ण मुलखात तेच लांब होतात. सगळीकडे हा नियम बिनचूक लागू पडतो असे नाही. पण सशांच्या बाबतीत तो चांगला दिसतो.

ससा मुका असतो असे म्हणतात. फार घाबरला किंवा फार दुखले तरच तो किंचाळतो. पण त्याचे कान बोलतात. दोन्ही कान ताठ उभे असतील, तर त्याने काही तरी ऐकले आहे. एक वर आणि एक खाली असेल, तर तो अर्धा निवांत आहे, अर्धा पहाऱ्यावर आहे. कान मागे सैल पडलेले आणि डोळे अर्धे मिटलेले असतील, तर तो आरामात आहे. पण कान पाठीला घट्ट चिकटवलेले आणि अंग ताठ असेल, तर तो भ्यालेला आहे, नाही तर रागावला आहे. तेव्हा हात घालू नये. पाळीव ससाही चावतो, आणि त्याचे दात काही लहान नसतात.

कान पाठीला चिकटवून बसणे ही रानातल्या सशाची शेवटची युक्ती असते. उभे कान गवतात लांबून दिसतात. तेच पाडले, की ससा मातीच्या ढेकळासारखा दिसतो. तुमचा पाय पडायला आला, तरी तो हलत नाही. मग एकदम उसळून पळतो आणि आपलेच काळीज धडधडते.

गवत कापताना, हरभरा उपटताना कधी कधी सशाचे पिल्लू सापडते. कान पाडून, डोळे उघडे ठेवून, दगडासारखे बसलेले. बायामाणसांना वाटते, बिचारे पोरके झाले. मुले ते उचलून घरी आणतात. गाईचे दूध पाजतात. दोन-चार दिवसांत ते बहुधा मरते. खरे तर ते पोरके नसतेच. पाळीव सशाची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. त्यांचे कानसुद्धा आधी मिटलेले असतात. रानातल्या सशाचे पिल्लू तसे नसते. ते अंगावर लव घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मते. आई त्याला गवतात ठेवून मुद्दाम लांब राहते, कारण ती जवळ बसली तर तिच्या वासावर कोल्हा येईल. अंधार पडू लागला की ती येते, दूध पाजते आणि पुन्हा जाते. असे दिवसातून बहुधा एकदाच. तेव्हा पिल्लू दिसले तर तेवढे गवत सोडून पुढे कापावे. कुत्रे बरोबर असेल तर त्याला बांधावे. रानातला ससा धरणे, मारणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे.

आता घरच्या सशाकडे वळू. ज्यांनी पैसे घालून ससे घेतले आहेत, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

माझ्या ओळखीच्या एका घरी पत्र्याच्या छपराखाली सशांचे पिंजरे होते. चैत्र संपला, ऊन वाढले. एके दिवशी दुपारी घरातली सगळी माणसे लग्नाला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तीन ससे मेले होते. उरलेले हातपाय पसरून पडले होते. कान लालभडक, चटका बसेल इतके गरम. नाकपुड्या जलद हलत होत्या. कोणी म्हणाले रोग आला, कोणी म्हणाले नजर लागली. रोग नव्हता आणि नजरही नव्हती. पत्रा तापला होता. रानातल्या सशाने झुडूप शोधले असते. पिंजऱ्यातला कुठे जाणार? त्याच्याजवळ दोन कान होते, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरची गरमी होती.

हवा ३० अंशांच्या वर गेली की पाळीव सशाला त्रास सुरू होतो. ३५ च्या पुढे जीव धोक्यात येतो. म्हणून पत्र्यावर उसाचे पाचट किंवा गवत जाड पसरावे. वाऱ्याच्या बाजूला ओले बारदान टांगावे, पण वारा बंद करू नये. प्यायला गार पाणी दिवसभर ठेवावे. ससा धापा टाकू लागला, कान तापले, तर त्याला सावलीत न्यावे आणि साध्या पाण्यात भिजवलेले फडके कानांवरून हळूहळू फिरवावे. कान निवले की रक्त निवते, रक्त निवले की ससा निवतो. बर्फ लावू नये. सशाला बादलीत बुडवू तर मुळीच नये. धसक्यानेच मरायचा.

कानाच्या आतही मधूनमधून पाहावे. ससा सारखी मान झटकत असेल, मागच्या पायाने कान खाजवत असेल, आत तपकिरी खपल्यांचा थर दिसत असेल, तर कानात बारीक किडे झाले आहेत असे समजावे. ते डोळ्यांना नीट दिसत नाहीत. खपल्या ओढून काढू नयेत. खाली कातडी सोललेली असते, फार दुखते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. औषध मिळते आणि त्याने गुणही येतो. एकाला झाले तर शेजारच्यांना लागते, म्हणून त्याला लगेच वेगळे ठेवावे. लोंबत्या कानांचे ससे हौसेने पाळतात. त्यांच्या कानात वारा कमी जातो, तेव्हा त्यांच्याकडे जास्त लक्ष हवे.

राहिले उचलणे. कान म्हणजे मऊ कुर्चा, पातळ कातडी आणि रक्ताच्या नळ्या. त्यात दोन-तीन किलोंचे ओझे पेलणारे काही नाही. कानाला धरून लोंबकळवले, की ससा मागचे पाय जोरात झाडतो. त्याच्या पायांत ताकद फार, आणि हाडे हलकी. त्या झटक्यात त्याचे कंबरेचे हाड मोडू शकते. मग मागचे पाय लुळे पडतात आणि तो जनावर म्हणून संपतो. उचलायचे तर एक हात छातीखाली घालावा, दुसरा हात ढुंगणाखाली. सगळा भार खालच्या हातावर घ्यावा आणि त्याला आपल्या अंगाशी धरावे. अंगाशी धरले की ससा पाय झाडत नाही.

त्या शनिवारी म्हातारीने नातवासाठी एक जोडी घेतली. विकणाऱ्याचा हात सवयीने पुन्हा कानांकडे गेला. तिने तो बाजूला सारला. म्हणाली, "थांब. शेरडाची करडं वाढवलीत मी आजवर." मग स्वतः वाकली, एक हात पोटाखाली, एक हात मागे, असे करून एकेक ससा उचलला आणि गवत घातलेल्या पाटीत ठेवला. वरून सुती फडके बांधले. वारा जावा म्हणून एक कोपरा सैल सोडला.

एसटीत ती पाटी मांडीवर घेऊन बसली. फडक्याच्या सैल कोपऱ्यातून एक पांढरा कान बाहेर आला होता. कंडक्टरने दोनदा घंटा मारली. कान चट्कन तिकडे वळला.